ऑनलाइन बाजार आणि गर्दीचे गणित

मुंबईच्या मंगलदास मार्केटात कापडाच्या दुकानाला लागून कापडाचेच दुकान असते. नवख्या माणसाला प्रश्न पडतो की शेजारी तोच माल विकणारा बसलेला असताना हे लोक धंदा करतात तरी कसा? गावात लांब लांब दुकाने थाटली असती तर गिऱ्हाइकाची ओढाताण झाली नसती! पण याचे उत्तर आपल्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. गिऱ्हाईक तिथे एका दुकानासाठी जात नाही, शंभर दुकाने एके ठिकाणी आहेत म्हणून जाते. आणि दुकानदार पागडी मोजून तिथे बसतो तो गिऱ्हाइकांची रीघ असते म्हणून. दुकानांमुळे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकामुळे दुकाने. हे चक्र एकदा फिरू लागले की बाजार आपोआप वाढतो. ते उलटे फिरू लागले की भरलेली पेठ काही वर्षांत ओस पडते.

अर्थशास्त्रात याला ‘नेटवर्क इफेक्ट’ म्हणतात. आपण त्याला गर्दीचा गुण म्हणू. टेलिफोनचे उदाहरण नेहमी दिले जाते. गावात एकच टेलिफोन असेल तर तो शोभेचा डबा आहे. दुसरा आला की त्याला अर्थ येतो, आणि प्रत्येक नव्या जोडणीबरोबर जुन्या सर्वांच्या टेलिफोनची किंमत वाढते. बाजाराची गोष्ट याहून थोडी गुंतागुंतीची आहे, कारण तिथे दोन बाजू असतात, घेणारा आणि विकणारा. घेणाऱ्याला विकणारे जास्त हवेत, विकणाऱ्याला घेणारे जास्त हवेत. पण विकणाऱ्याला दुसरा विकणारा मात्र नको असतो. रोशे आणि तिरोल या फ्रान्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये अशा दुहेरी बाजारांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांपैकी तिरोल यांना पुढे २०१४ चे नोबेल मिळाले. बाजार चालवणाऱ्याने एकूण किती शुल्क घ्यावे एवढाच प्रश्न नसतो, ते कोणत्या बाजूकडून घ्यावे हा खरा प्रश्न असतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. एका बाजूला फुकट आत घ्यायचे, म्हणजे दुसरी बाजू पैसे देऊन येते.

आज आपला कारागीर आणि व्यापारी मोबाईलवरच्या बाजारात उतरला आहे. मालेगावची साडी, कोल्हापूरची चप्पल, भेंडी बाजारातले अत्तर, सगळे काही तिथे मिळते. पण या बाजाराचा मालक कोण, त्याने गर्दी कशी जमवली, आणि गर्दी जमल्यावर तो विक्रेत्याशी कसा वागतो, याचा विचार फार कमी लोक करतात. तो समजून घ्यायला चीनमधील ईबे आणि ताओबाओ यांची झुंज फार उपयोगी आहे. जिच्याकडे गर्दी होती, तीच कंपनी त्या झुंजीत हरली. गर्दीच गर्दीला ओढते हा नियम खरा असेल, तर हे घडलेच कसे?

गर्दी असूनही हार

ईबे ही अमेरिकन कंपनी. १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार यांनी कॅलिफोर्नियात तिची सुरुवात केली. घरातल्या जुन्यापान्या वस्तूंचा लिलाव करणारी ही वेबसाइट काही वर्षांत जगातील सर्वांत मोठा ऑनलाइन बाजार बनली. अमेरिकेत तिच्यासमोर कोणी टिकले नाही, कारण विक्रेता ईबे सोडून गेला तर गिऱ्हाईक त्याच्या मागे जात नसे, आणि गिऱ्हाईक सोडून गेले तर त्याला माल सापडत नसे. दोघेही एकमेकांमुळे बांधले गेले होते.

याच गुणाचा उलटा तडाखा तिला जपानमध्ये बसला. तिथे याहू जपानने सप्टेंबर १९९९ मध्ये लिलावाची सेवा सुरू केली होती आणि ईबे पोहोचली ती २००० साल उजाडल्यावर. काही महिन्यांचाच फरक. पण तेवढ्यात गर्दी दुसरीकडे बसली होती. वर ईबेने शुल्कही लावले. २००२ मध्ये तिने जपानमधून गाशा गुंडाळला.

चीनमध्ये ही चूक करायची नाही असे ठरवून तिने तयार गर्दीच विकत घेतली. शांघायमध्ये १९९९ साली सुरू झालेली ईचनेट नावाची कंपनी तिथल्या ऑनलाइन लिलावात सर्वांच्या पुढे होती. ईबेने मार्च २००२ मध्ये ३ कोटी डॉलर देऊन तिचा एक तृतीयांश हिस्सा घेतला आणि २००३ च्या उन्हाळ्यात आणखी १५ कोटी डॉलर मोजून बाकीचीही खरेदी केली. चीनच्या या बाजाराचा फार मोठा वाटा तिच्या हाती आला. पुस्तकी हिशेबाने पाहिले तर झुंज सुरू होण्याआधीच संपली होती.

त्याच काळात हांगझोऊ शहरात जॅक मा यांची अलीबाबा ही कंपनी होती. मा पूर्वी इंग्रजीचे शिक्षक. (कंपनीचे नाव आपल्या ओळखीच्या अलीबाबाच्या गोष्टीतूनच घेतलेले आहे. ‘खुल जा सिमसिम’ जगात सर्वांना माहीत आहे, म्हणून.) अलीबाबाचा धंदा कारखानदार आणि घाऊक व्यापारी यांची गाठ घालून देण्याचा होता; किरकोळ विक्रीशी तिचा संबंध नव्हता. पण ईबेचे छोटे विक्रेते मोठे होऊन उद्या आपल्या घाऊक बाजारात शिरतील, ही भीती मा यांना वाटली. त्यांनी एका फ्लॅटमध्ये मोजकी माणसे बसवून गुपचूप नवी वेबसाइट तयार करवली. १० मे २००३ रोजी ती सुरू झाली, तेव्हा चीनमध्ये सार्सची साथ होती आणि अलीबाबाचे कर्मचारी घरात अडकून पडले होते. ताओबाओ म्हणजे खजिना शोधणे. बाजारात माल नव्हता, म्हणून कर्मचाऱ्यांनी घरातल्याच वस्तू विक्रीला मांडल्या. रिकाम्या पेठेत पहिले दुकान कोण टाकणार, हा पेच असा सोडवला गेला.

फुकट देण्यामागची खरी खोच

ताओबाओने जाहीर केले की तीन वर्षे विक्रेत्याकडून एक पैसाही घेणार नाही. माल मांडण्याचे शुल्क नाही, विक्रीवर दलाली नाही. ईबे दोन्ही घेत होती. विक्रेते फुकटाकडे वळले, असे सांगून बहुतेक लोक ही गोष्ट इथेच संपवतात. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. फुकट दुकाने पुष्कळ उघडली जातात आणि पुष्कळ बंद पडतात. गिऱ्हाईक नसेल तर फुकट गाळ्याला कोण विचारतो?

खरी खोच पुढे आहे. दलालीवर जगणाऱ्या बाजाराला एक भीती सतत छळत असते. घेणारा आणि विकणारा एकमेकांना भेटले, टेलिफोन नंबर घेतले आणि सौदा बाहेरच केला, तर दलाली बुडते. म्हणून ईबे सौदा पक्का होण्याआधी दोघांना थेट बोलू देण्याच्या विरोधात होती. तिकडे ताओबाओला दलालीच घ्यायची नव्हती, तेव्हा बुडणार काय? तिने २००४ मध्ये वांगवांग नावाची गप्पांची सोय दिली. गिऱ्हाईक दुकानदाराला सरळ विचारू लागले: हा रंग आहे का, दोन घेतले तर किती कमी करणार, उद्या पाठवणार का? घासाघीस केल्याशिवाय खरेदी झाल्यासारखे वाटत नाही, हे चिनी गिऱ्हाइकाचेही दुखणे आणि आपलेही. शुल्क माफ केल्यामुळेच ही नवी सोय देणे ताओबाओला परवडले. ईबेला ती सोय सुचली नाही असे नव्हे. तिच्या कमाईची पद्धतच तिला आड येत होती. प्रतिस्पर्ध्याने काय केले ते दिसत असूनही करता येऊ नये, अशा कोंडीत मोठी पेढी सापडते ती अशी.

दुसरी अडचण भरवशाची होती. चीनमध्ये त्या काळी क्रेडिट कार्डे फार थोड्या लोकांकडे होती. अनोळखी दुकानदाराला आधी पैसे पाठवायला गिऱ्हाईक घाबरे आणि आधी माल पाठवायला दुकानदार घाबरे. ऑक्टोबर २००३ मध्ये ताओबाओने यावर तिऱ्हाइताकडे अमानत ठेवण्याचा जुना तोडगा काढला. गिऱ्हाइकाने पैसे अलीपेकडे जमा करायचे. अलीपे दुकानदाराला कळवणार की रक्कम आली, माल पाठवा. माल हाती पडून गिऱ्हाइकाने होकार दिला की मगच पैसे दुकानदाराला मिळणार. या पद्धतीचा पहिला सौदा एका वापरलेल्या फुजी कॅमेऱ्याचा होता. किंमत ७५० युआन. विकणारा जपानमध्ये राहणारा, घेणारा चीनच्या शीआन शहरात. पैसे भरल्यावर घेणाऱ्याचा धीर सुटला आणि तो परत मागू लागला. ताओबाओच्या माणसाने फोन करून समजूत घातली, तेव्हा सौदा पार पडला. २००५ मध्ये अलीपेने फसवणूक झाल्यास भरपाई देण्याचेही जाहीर केले. ईबेकडे अमेरिकेत नावाजलेली पेपाल होती, २००२ मध्ये दीड अब्ज डॉलरला घेतलेली. पण पेपालच्या पद्धतीत पैसा लगेच दुकानदाराच्या खात्यात जात असे. ज्या देशात कार्ड आणि बँक हे दोघे गिऱ्हाइकाच्या पाठीशी उभे असतात तिथे ते चालते. चीनमध्ये अडचण पैसे पाठवण्याची नव्हती, विश्वास ठेवण्याची होती. ईबेनेही नंतर अमानतीची सोय आणली, पण तोवर उशीर झाला होता.

ईबेने स्वतःहूनही काही धोंडे पायावर पाडून घेतले. सप्टेंबर २००४ मध्ये तिने चीनची वेबसाइट अमेरिकेतील यंत्रणेवर हलवली. सगळ्या जगात एकच यंत्रणा असावी हा हिशेब होता. परिणाम असा झाला की चिनी गिऱ्हाइकाला पान उघडायला वाट पाहावी लागे, ओळखीची मांडणी बदलली, आणि लहानसा बदल करायचा तरी परवानगी कॅलिफोर्नियातून आणावी लागे. वर्दळ घटली. चीनच्या मोठ्या वेबसाइटांशी करार करून तिने ताओबाओच्या जाहिराती तिथे येणार नाहीत असाही बंदोबस्त केला होता. तेव्हा ताओबाओने शेकडो किरकोळ वेबसाइटांवर स्वस्तात जाहिराती लावल्या. मुख्य रस्ता अडवला तर गल्लीबोळातून माणसे आणली म्हणा ना.

मात्र मुळातला प्रश्न अजून उरतोच. एवढी गर्दी असताना ती तिला का वाचवू शकली नाही? याचे उत्तर आकड्यांत आहे. २००३ च्या अखेरीस चीनमध्ये इंटरनेट वापरणारे ७ कोटी ९५ लाख होते. २००६ च्या अखेरीस ते १३ कोटी ७० लाख झाले. त्यातही ऑनलाइन खरेदी केलेले थोडेच. म्हणजे ईबेने जी गर्दी विकत घेतली ती येणाऱ्या गर्दीच्या मानाने लहान होती. बाजारात आधी आलेल्यांपेक्षा अजून न आलेले जास्त असतील, तर जुन्या गर्दीचे वजन कमी पडते. अमेरिकेत आणि जपानमध्ये पहिला आला तो जिंकला. चीनमध्ये पहिल्याला तो लाभ मिळाला नाही, कारण बाजार भरायचाच होता. शिवाय जुन्या विक्रेत्याला ताओबाओवर दुसरे दुकान उघडायला काही खर्च नव्हता. तो दोन्हीकडे बसला. एका पायाने इकडे, एका पायाने तिकडे. दोन्हीकडे बसणे स्वस्त असेल तर गर्दी कोणालाच बांधून ठेवत नाही.

२००५ मध्ये ईबेने चीनमध्ये आणखी १० कोटी डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याहूने १०० कोटी डॉलर देऊन अलीबाबाचा सुमारे ४० टक्के हिस्सा घेतला. तेव्हा फुकटाचा खेळ अलीबाबाने स्वतःच्या खिशातून खेळला असे कोणी समजू नये. त्यामागे दुसऱ्यांचे भांडवल होते आणि ते पुढे वसूल व्हायचे होते. ऑक्टोबरमध्ये ताओबाओने मोफत सेवेची मुदत आणखी तीन वर्षांनी वाढवली. डिसेंबर २००६ मध्ये ईबेने आपली चिनी वेबसाइट बंद करून टॉम ऑनलाइन या कंपनीबरोबर भागीदारी केली. झुंज तिथेच संपली.

लाकडी फर्निचरचे एक गाव

ताओबाओच्या या वाढीचा फायदा कारागिरांना झाला नाही असे म्हणता येणार नाही. जिआंग्सू प्रांतातील शाजी भागात दोंगफेंग नावाचे एक खेडे आहे. तिथले लोक शेती आणि टाकाऊ प्लास्टिक गोळा करण्याच्या धंद्यावर पोट भरत. २००६ च्या सुमारास तिथल्या एका तरुणाने ताओबाओवर दुकान उघडले. शांघायमध्ये त्याने आयकियाचे सुटे भाग जोडून उभे करायचे लाकडी फर्निचर पाहिले आणि तसेच साधे सामान गावच्या सुताराकडून करवून विकायला सुरुवात केली. शेजाऱ्यांनी पाहिले, त्यांनीही दुकाने उघडली. मग करवतीचे कारखाने आले, खोकी बनवणारे आले, कुरियरवाले आले. शहरात कामाला गेलेली मुले परत आली. २००९ मध्ये अलीबाबाने ज्या पहिल्या तीन खेड्यांना ‘ताओबाओ गाव’ म्हटले त्यांत हे एक होते. ज्या गावाची वर्षाची ऑनलाइन विक्री १ कोटी युआन आहे आणि जिथे किमान शंभर दुकाने, किंवा दहा टक्के घरे, या धंद्यात आहेत ते ताओबाओ गाव. २०२० पर्यंत चीनमध्ये अशी ५,४२५ गावे मोजली गेली.

आपल्या यंत्रमागवाल्यांना पुढची गोष्ट ऐकल्यासारखी वाटेल. सर्वांचा माल सारखा, सर्वांचे फोटो सारखे, मग फरक तो फक्त भावाचा. एकाने पाच युआन कमी केले की दुसऱ्याने दहा. माल वाढला, कारागिराचा मुनाफा बारीक झाला. घेणाऱ्याला हे हवेच होते आणि बाजाराच्या मालकालाही. विकणाऱ्याला दुसरा विकणारा नको असतो असे वर म्हटले, ते या गावात प्रत्यक्ष पाहायला मिळते.

जिंकल्यानंतर

ताओबाओने विक्रेत्यांकडून पैसे काढण्याचा पहिला प्रयत्न मे २००६ मध्ये केला. पैसे देणाऱ्याचा माल यादीत वर दाखवायची योजना होती. विक्रेत्यांनी बंड केले, संपाची भाषा केली. कंपनीने मतदान घेतले आणि जूनमध्ये योजना मागे घेतली. ईबे तेव्हा अजून मैदानात होती, हे विसरू नये. विक्रेता रुसला तर जायला जागा होती.

हाच प्रसंग ऑक्टोबर २०११ मध्ये वेगळ्या रीतीने घडला. ताओबाओने मोठ्या आणि नामांकित दुकानांसाठी ‘ताओबाओ मॉल’ हा वेगळा विभाग काढला होता. त्याचे नाव पुढे टीमॉल झाले. तिथले वार्षिक शुल्क ६,००० युआनवरून एकदम ३०,००० किंवा ६०,००० करण्यात आले, आणि अनामत दीड लाख युआनपर्यंत चढवण्यात आली. हजारो छोटे विक्रेते खवळले. त्यांनी मोठ्या दुकानांतून भराभर माल मागवून, वाईट शेरे देऊन, पैसे परत मागण्याचा सपाटा लावला. सरकारला मध्ये पडावे लागले. कंपनीने जुन्या विक्रेत्यांसाठी वाढ २०१२ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत पुढे ढकलली. पण मागे घेतली नाही. पाच वर्षांपूर्वी माघार, आता फक्त मुदतवाढ. मधल्या काळात दुसरा बाजार उरला नव्हता.

साध्या ताओबाओवर दुकान उघडणे पुढेही फुकटच राहिले. तेव्हा कंपनी कमावते कशी? पाटीच्या भाड्यातून. कोट्यवधी दुकानांत आपले दुकान गिऱ्हाइकाच्या नजरेस पडावे म्हणून विक्रेता जाहिरातीची बोली लावतो, प्रत्येक टिचकीला पैसे मोजतो. जागा फुकट, पण दिसण्याला मोल. गर्दी जितकी वाढते तितके दिसणे महाग होते. म्हणजे गर्दीच्या गुणाचा सगळा रस शेवटी गर्दी सांभाळणाऱ्याच्या भांड्यात पडतो.

पुढे मोठ्या विक्रेत्यांना ‘आमच्याकडे तरी बसा, नाहीतर त्यांच्याकडे’ असे बजावण्याची पद्धत अलीबाबाने सुरू केली. दोन्ही दगडांवर पाय ठेवून विक्रेत्यांनी ताओबाओला मोठे केले होते. आता तोच दुसरा दगड काढून घ्यायचा होता. चीनच्या बाजार नियंत्रण प्रशासनाने १० एप्रिल २०२१ रोजी यासाठी अलीबाबाला सुमारे १,८२२ कोटी युआनचा दंड केला. तिच्या २०१९ मधील देशांतर्गत विक्रीच्या तो ४ टक्के होता.

इतकी भक्कम गर्दीही फोडता येते, हे पिनदुओदुओने दाखवले. कॉलिन हुआंग यांनी २०१५ मध्ये सुरू केलेल्या या कंपनीने स्वतःची पेठ शून्यातून भरण्याऐवजी उसनी गर्दी वापरली. वीचॅट हे चीनचे गप्पांचे माध्यम, घराघरात पोहोचलेले. अलीबाबा आणि वीचॅट यांच्यात वैर होते, ताओबाओच्या दुकानाचा दुवा वीचॅटवर नीट उघडत नसे. ती मोकळी जागा पिनदुओदुओने घेतली. चार ओळखीचे मिळून माल घ्या, भाव उतरवू, अशी तिची योजना. गिऱ्हाईकच वीचॅटवर भावाला, मावशीला, शेजारणीला गळ घालू लागले. मोठ्या शहरांबाहेरची, ताओबाओने नीट न धरलेली माणसे इथे आली. २०२० मध्ये वर्षभरात खरेदी करणाऱ्यांची तिची संख्या ७८ कोटी ८४ लाख झाली आणि अलीबाबाची ७७ कोटी ९० लाख. सतरा वर्षांपूर्वी ईबेने जो धक्का खाल्ला तोच आता अलीबाबाच्या वाट्याला आला. मात्र स्वस्ताईचा हा भार कोणी उचलला? बहुतांशी विक्रेत्यानेच.

आपल्याकडे

या झुंजीचे एक टोक मुंबईत आहे. बाझी डॉट कॉम ही मुंबईची लिलावाची वेबसाइट ईबेने २००४ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली. इथे तिने पैसापे नावाची अमानतीची सोय ठेवली होती. तरीही बाजी फ्लिपकार्टने मारली, आणि तीही गिऱ्हाइकाच्या भीतीवर इलाज करूनच: २०१० मध्ये तिने माल हातात पडल्यावर रोख पैसे घेण्याची पद्धत आणली. २०१७ मध्ये ईबेने आपला भारतातील धंदा फ्लिपकार्टला दिला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती वेबसाइट बंद झाली. त्याच वर्षी फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा वॉलमार्टने घेतला.

भारतात एक वेगळा प्रयोगही झाला. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय भुगतान निगमाने २०१६ मध्ये यूपीआय आणले. त्यात गर्दी एका कंपनीची नाही, सर्वांची सामाईक आहे. फोनपेचे गिऱ्हाईक गूगल पेच्या दुकानदाराला पैसे देऊ शकते. चीनमध्ये अलीपे आणि वीचॅट पे यांची कुंपणे इतकी पक्की होती की ताओबाओने वीचॅट पेने पैसे घेणे सुरू केले ते सप्टेंबर २०२४ मध्ये. तरी सामाईक रस्त्यावरही दोन मोठ्या गाड्याच जास्त धावतात. २०२४ मध्ये यूपीआयच्या व्यवहारांपैकी ८० टक्क्यांहून अधिक फोनपे आणि गूगल पे या दोघांवर होत होते. एका ॲपचा वाटा ३० टक्क्यांहून जास्त नसावा असा नियम २०२० मध्ये जाहीर झाला. २०२४ च्या अखेरीस त्याची मुदत २०२६ च्या अखेरपर्यंत पुढे ढकलण्यात आली. मालाच्या बाजारातही असाच सामाईक रस्ता करावा म्हणून ओएनडीसी ही कंपनी २०२१ च्या शेवटच्या दिवशी स्थापन झाली. रस्ता बांधला म्हणून गर्दी येतेच असे नाही, हे तिच्या चालकांनाही आता कळले असेल.

छोट्या विक्रेत्याच्या बाजूने दोन गोष्टी मात्र कायद्यात आहेत. परकी भांडवल असलेला ऑनलाइन बाजार ‘माल फक्त आमच्याकडेच विका’ अशी सक्ती कोणत्याही विक्रेत्यावर करू शकत नाही. हा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. म्हणजे दोन्हीकडे बसण्याचा हक्क आहे. दुसरे, १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखालील विक्रेत्याला आपल्या राज्याच्या हद्दीत ऑनलाइन माल विकण्यासाठी नोंदणीची सक्ती राहिली नाही. पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घेतला की पुरते. पूर्वी चार हजारांचा माल विकणाऱ्या कारागिरालाही पूर्ण नोंदणी लागे.

बाजार दोन झाले तरी एक अडचण सुटत नाही. दहा वर्षांत मिळवलेले चांगले शेरे आणि तारे एका बाजाराचे दुसऱ्या बाजारात चालत नाहीत. नाव कारागिराचे, पण वही मालकाची. म्हणून ज्या गिऱ्हाइकाने दोनदा माल घेतला त्याची ओळख आपल्या पेढीशी जुळावी यासाठी मालावर स्वतःची खूण, दुकानाचे नाव आणि पत्ता असण्याला महत्त्व आहे. अर्थात ते त्या बाजाराच्या नियमांत बसते का, हे तपासून. आणि नव्या बाजाराशी करार करताना फक्त कमिशनचा आकडा पाहू नये. परत आलेल्या मालाचे वाहतूक भाडे कोणाच्या माथी पडते, पैसे किती दिवसांनी खात्यात येतात, जाहिरात न देता माल यादीत किती खाली जातो, आणि दर बदलायचा झाल्यास आधी किती दिवसांची सूचना मिळते, ही कलमे बारीक अक्षरात असतात. ती वाचायला घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला बसवावे आणि सही त्यानंतर करावी.